मास्तरांच्या हातातली यादी

“सर, पाच पोरं तरी द्या.”

बारावीचा निकाल लागून दोन दिवस झाले होते. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. अकरावी-बारावीला मी त्याला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. हुशार, कष्टाळू मुलगा. पुढे त्यानं एम.टेक. केलं आणि आता एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात तो सहायक प्राध्यापक आहे. पाया पडला, चहा घेतला आणि मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. आमच्याच तालुक्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलांची यादी होती ती. नाव, गाव, प्रवर्ग, वडिलांचा मोबाईल नंबर. काही नावांपुढे पेनानं बरोबरची खूण. त्याला त्या वर्षी पंधरा ॲडमिशनचं टार्गेट होतं. आठ झाली होती. उरलेली सात झाली नाहीत तर पगार निघणार नाही, असं स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं गेलं होतं.

मी नावं दिली नाहीत. पण त्याच्यावर रागावणंही मला जमलं नाही. गावोगाव मोटारसायकलवर फिरून त्याचा चेहरा रापला होता. ज्या विषयासाठी त्यानं तारुण्यातली सहा-सात वर्षं घातली, तो विषय शिकवण्याबद्दल तासाभरात एक शब्दही आमच्यात निघाला नाही. तो निघताना मी विचारलं, “तुझा पुतण्या यंदा बारावीला होता ना? त्याला तुमच्याकडेच घेतोस का?” तो खाली बघून म्हणाला, “नको सर. त्याला पुण्याला बघतोय.”

हे एका तरुणाचं किंवा एका कॉलेजचं दुखणं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण मे ते ऑगस्ट या काळात मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकाशी उभं राहावं. अभियांत्रिकी, फार्मसी, पॉलिटेक्निक, नर्सिंग, बी.एड. अशा सगळीकडचे शिक्षक तिथे भेटतात. कुणाच्या हातात माहितीपत्रकं, कुणाच्या हातात करिअर मार्गदर्शन शिबिराचं बॅनर. ‘प्रमोशनला चाललोय’ असं ते सहज सांगतात, जणू तो त्यांच्या नोकरीचाच भाग आहे. त्यांच्या मागोमाग एजंट असतात, आणि त्यांचा हिशेब दर ॲडमिशनमागे ठरलेला असतो.

माझं म्हणणं असं आहे की महाविद्यालयीन प्रवेशातला आजचा सर्वांत मोठा अन्याय डोनेशनमध्ये राहिलेला नाही. तो या यादीत आहे. आणि आपले सगळे कायदे अजून डोनेशनवरच नजर रोखून बसले आहेत.

त्याला कारणही आहे. हे कायदे घडले तो काळ टंचाईचा होता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली, त्याआधी महाराष्ट्रातली ऐपतदार घरांतली मुलं कर्नाटकात पैसे भरून शिकायला जात. जागा कमी, मागणारे फार, आणि त्यांच्यातले काही वाटेल ती रक्कम मोजायला तयार. म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, घेण्यावर बंदी घालणारा राज्याचा कायदा आला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. टी. एम. ए. पै (२००२) आणि महाराष्ट्रातूनच गेलेला पी. ए. इनामदार (२००५) या निकालांनी खासगी संस्थांना स्वायत्तता दिली, पण नफेखोरी चालणार नाही आणि प्रवेश पारदर्शक व गुणवत्तेवर हवेत, हेही बजावलं. पुढे २०१५ च्या कायद्यानं प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण उभं केलं. या साऱ्या खटाटोपाबद्दल मला आदर आहे. त्यामुळे गरिबाघरची हजारो मुलं शिकली. पण त्याचा सगळा रोख एकाच व्यवहारावर आहे, तो म्हणजे पालकाच्या खिशातून संस्थेकडे जाणारा पैसा.

आता पैशाची दिशा बदलली आहे. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या जागेसाठी आजही झुंबड आहे आणि मॅनेजमेंट कोट्याचं राजकारणही तिथे आहेच. पण तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजात बाकं रिकामी राहतात. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली. मोठ्या शहरांतल्या संस्थांना तुकड्या वाढवायची मोकळीक मिळाली आणि लहान गावांतल्या कॉलेजांपुढे मुलं आणायची कुठून, हा प्रश्न आणखी बिकट झाला. अशा वेळी पालक संस्थेला पैसे देत नाहीत. मूल मिळवून देणाऱ्याला संस्था पैसे देते. पूर्वी जागा विकली जायची. आता मुलाची विक्री होते आणि त्या मुलाला त्याचा पत्ताही नसतो.

हा व्यवहार संस्थेला परवडतो कसा, ते समजून घ्यायला हवं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून, प्रवेश मिळालेल्या मुलाच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकार करतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांचं पूर्ण शिक्षण शुल्क, इतर मागासवर्गीयांचं निम्मं, आर्थिक दुर्बलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या डोळ्यांत त्या दिवशी जे दिसलं ते मी विसरणार नाही. ही योजना टिकलीच पाहिजे. पण जिथे मुलामागे सरकारी पैसा येतो तिथे मुलावर नजर ठेवणारे येतातच. यादीत प्रवर्गाचा रकाना उगाच नसतो. ज्या पोरीचा बाप रोजंदारीवर आहे, तीच त्या यादीतलं सर्वांत मोलाचं नाव ठरते.

हे आपल्याला नवं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा सुमारे वीस लाख मुलं फक्त हजेरीपटावर होती, वर्गात नव्हती. तुकडी आणि अनुदान मुलांच्या डोक्यांवर ठरतं, म्हणून डोकी लिहिली गेली. शिष्यवृत्तीच्या पैशातल्या गैरव्यवहारासाठी पुढे राज्याला विशेष तपास पथकही नेमावं लागलं. तेव्हा मुलं खोटी होती. आता मुलं खरी आहेत, म्हणून हा प्रश्न मला जास्त छळतो.

प्रतिपूर्तीसाठी प्रवेश कॅपमधूनच व्हावा लागतो. म्हणजे मुलाला नुसतं पटवून भागत नाही, त्याचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा अर्ज, ताब्यात घ्यावा लागतो. खरा खेळ इथे आहे.

मागे आमच्या कॉलेजातली एक मुलगी ऑगस्टमध्ये मला भेटायला आली. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर सहा महिने ती आजीपाशी राहून शिकली. सीईटीला तिला चांगले पर्सेंटाइल होते. आदल्या वर्षीचा कट-ऑफ पाहिला तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तिला सिव्हिल मिळण्यासारखं होतं. तिनं सांगितलं, “सर, मला ते मिळालंच नाही.” मी म्हटलं, “लॉगिन उघड, बघू.” तिच्याकडे लॉगिन नव्हतं. गावात आलेल्या एका कॉलेजच्या सरांनी फॉर्म फुकट भरून दिला होता. नोंदणीतला मोबाईल नंबर त्यांचा, पासवर्ड त्यांच्याकडे, दाखला आणि गुणपत्रिकेच्या मूळ प्रतीही त्यांच्याच कपाटात. शेकडो पर्याय भरायची मुभा असताना ऑप्शन फॉर्मवर पर्याय एकच भरला होता. अर्थातच त्यांच्या कॉलेजचा.

ज्यांना ही प्रक्रिया माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि मूल पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडतं. जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून केलेला हा नियम आहे, आणि तो चांगल्या हेतूनं केला आहे. पण फॉर्म दुसऱ्याच्या हातात गेला की हाच नियम मुलाला कोंडतो. जिथे कुणी जायला तयार नाही ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं की ते पहिल्याच फेरीत मिळणार, हे उघड आहे. एक क्लिक, आणि चार वर्षं ठरून गेली. तिला मी त्या दिवशी काहीच देऊ शकलो नाही. ती रडलीसुद्धा नाही. “सरांनी चांगल्यासाठीच केलं असेल ना?” एवढंच म्हणाली.

त्या ‘सरांनी’ या शब्दापाशी मी अडतो. शहरातल्या मुलाला सल्ला द्यायला काका इंजिनिअर असतो, शेजारी कुणी आयटीत असतं, पाच-दहा हजार घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणारे समुपदेशक असतात. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी बारावी झालं, त्या घराला एकच भरवशाचा माणूस ठाऊक असतो, तो म्हणजे मास्तर. दारात आलेला माणूस ‘सर’ आहे म्हटल्यावर बाजेवर चादर टाकली जाते आणि कागदांची पिशवी उघडली जाते. एजंटवर ते घर एकवेळ संशय घेईल, सरांवर घेणार नाही. संस्थांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून त्यांनी एजंटाचं काम सरांवर टाकलं. गरिबाच्या पोराला निःस्वार्थी सल्ल्याचा एकच झरा होता, त्यात हे विष मिसळलं गेलं. माझ्या लेखी टार्गेटचा खरा गुन्हा हा आहे, पगार अडवण्याइतकाच मोठा.

आमचेही हात स्वच्छ नाहीत. मुलांची यादी कुठून मिळाली, हे मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलं नव्हतं, कारण उत्तर मला ठाऊक होतं. ती शाळा-कॉलेजांतूनच बाहेर जाते. कधी ओळखीपोटी, कधी स्नेहसंमेलनाच्या देणगीपोटी. एका संस्थेचं ‘मार्गदर्शन शिबिर’ सभागृहात भरतं आणि दुसऱ्या संस्थेच्या माणसाला फाटकाबाहेर थांबवलं जातं, तेव्हा आतल्या मुलांना जे मिळतं त्याला मार्गदर्शन म्हणता येत नाही.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर असं: मुलांपर्यंत जाण्यात वाईट काय? कर्मवीरसुद्धा गावोगाव फिरून मुलं गोळा करतच होते की.

होते. आणि म्हणूनच हा फरक नीट बघितला पाहिजे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवलं. ज्यांना शाळा माहीत नव्हती अशा घरांत ते गेले, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्यांच्या पोटासाठी घरोघर मूठभर धान्य मागणारा मुष्टिफंड उभा केला. वसतिगृहात दाणा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. मूल आल्यानं त्या घराची झोळी रिकामी होत होती, तरी त्यांना मूल हवं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं उघडली, ती मुलांनी शहरात येऊन कुठेही शिकावं म्हणून. मुलापर्यंत चालत जाणं ही या मातीतली थोर परंपरा आहे. तिचं नाव घेऊन कुणी त्या मुलीचा पासवर्ड स्वतःच्या खिशात ठेवत असेल तर ते मला सहन होत नाही.

दुसरं उत्तर अधिक खरं आणि अधिक कठीण आहे. माझा विद्यार्थीच म्हणाला होता, “मुलं आली नाहीत तर कॉलेज बंद पडेल, सर. मग आम्ही कुठं जायचं?” त्याची मुलगी पहिलीत आहे, घराचे हप्ते आहेत. हे मी झटकून टाकत नाही. आणि गावाजवळचं कॉलेज बंद पडलं तर सर्वांत आधी मुलींचं शिक्षण थांबतं, हेही मला दिसतं. एसटीनं संध्याकाळी घरी परतता येतं म्हणूनच कित्येक बाप पोरीला पाठवतात. पण ज्या कॉलेजात प्राध्यापक चार महिने रस्त्यावर असतात, प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि पगार मुलांच्या संख्येवर लटकलेला असतो, तिथे आलेल्या मुलाला मिळतं काय? टार्गेटनं कॉलेज वाचत नाही. त्याचं मरण तीन-चार वर्षांनी पुढे ढकललं जातं आणि त्याचा खर्च त्या तीन-चार तुकड्यांतली मुलं भरतात. जी संस्था परिसराला खरोखर हवी आहे ती सरकारनं उघडपणे आधार देऊन टिकवावी. जी नको आहे तिचे विद्यार्थी आणि शिक्षक दुसरीकडे सामावून घेऊन ती रीतसर बंद करावी. दोन्हींत यातना आहेत, पण त्या मोठ्या माणसांनी सोसायच्या आहेत.

अमेरिकेनं हा धडा आपल्याआधी घेतला आहे. तिथेही गरीब विद्यार्थ्यामागे सरकारी मदतीचा पैसा येतो, आणि त्या पैशासाठी नफेखोर कॉलेजांचे भरती करणारे लोक झोपडपट्ट्यांपर्यंत पोहोचले. म्हणून १९९२ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला: सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेनं प्रवेशांच्या संख्येवर कुणालाही कमिशन, बोनस किंवा बक्षीस द्यायचं नाही. २००२ मध्ये सरकारनं नियमांत पळवाटा ठेवल्या, भरती पुन्हा फोफावली आणि २०११ पासून त्या पळवाटा बंद कराव्या लागल्या. आपण पळवाटांचा टप्पा वगळून सरळ मूळ नियमच घ्यायला हरकत नाही. ज्या संस्थेला शुल्क प्रतिपूर्तीचा एक रुपयाही मिळतो, तिनं प्रवेशांच्या मोबदल्यात कुणालाही पैसे देऊ नयेत आणि शिक्षकाचा पगार, वाढ किंवा नोकरी प्रवेशसंख्येशी जोडू नये. असं आढळलं तर दंड शिक्षकाला नको, संस्थेची प्रतिपूर्ती थांबावी. शुल्क ठरवताना नियामक प्राधिकरण संस्थेचे पगारपत्रक आणि खर्च तपासतंच. तिथे हेही तपासता येईल.

पण मला सर्वांत तातडीची वाटते ती गोष्ट याहून साधी आहे. कॅपसाठी कागदपत्रांची तपासणी जिथे होते त्या सुविधा केंद्रांच्या यादीत खासगी महाविद्यालयंही असतात. म्हणजे गोंधळलेलं मूल मदतीसाठी ज्या खिडकीपाशी जातं, तिच्या पलीकडे बसलेल्या माणसावर कदाचित त्याच मुलाचं टार्गेट असतं. त्या माणसाला चांगलं वागायचं असेल तरी आपण ते अवघड करून ठेवलं आहे. जिल्ह्याचं शासकीय तंत्रनिकेतन आहे, जवळपास प्रत्येक तालुक्यात शासकीय आयटीआय आहे, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. जून-जुलैचे सहा आठवडे तिथे संगणक, इंटरनेट आणि ज्याचा कुठल्याही प्रवेशात स्वार्थ नाही असे दोन प्रशिक्षित शिक्षक बसवावेत. फॉर्म मुलानं स्वतःच्या हातानं भरावा, ओटीपी त्याच्या किंवा आई-वडिलांच्याच फोनवर यावा, आणि एकाच मोबाईल नंबरावरून दहा-वीस मुलांची नोंदणी झाली की यंत्रणेनं ती थांबवून त्या मुलांना फोन करावा. एवढं करायला नवा कायदाही लागत नाही.

मूळ कागदपत्रांबाबत तर नियम आधीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं की मूळ प्रमाणपत्रं तपासून तिथल्या तिथे परत करायची, ठेवून घ्यायची नाहीत. आणि प्रवेश रद्द केला तर किती दिवसांत किती शुल्क परत द्यायचं, याचाही तक्ता दिला. तो तक्ता मी एकाही कॉलेजच्या भिंतीवर पाहिलेला नाही. बॅनरवर मात्र ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असतं आणि एका मुलाला मिळालेलं सर्वांत मोठं पॅकेज असतं. राष्ट्रीय मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे जाहीर करावं लागतं. तेच तीन आकडे प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकावर, मराठीत, पहिल्या पानावर सक्तीचे करावेत. कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली; कॉलेजच्या बॅनरला निराळा न्याय कशासाठी?

सरकार करील तेव्हा करील. त्या मुलीच्या प्रसंगानंतर आमच्या स्टाफरूममध्ये बैठक झाली आणि दोन गोष्टी ठरल्या. मुलांची नावं आणि नंबर कुणालाही, कितीही ओळखीच्या माणसाला, द्यायचे नाहीत. यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील. त्यावर एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, “मग या पोरांना कुठं जायचं ते सांगणार कोण?” प्रश्न रास्त होता. म्हणून ऑप्शन फॉर्म भरायच्या दिवसांत आम्ही संगणकाची लॅब सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडी ठेवू लागलो. मागच्या तीन वर्षांचे कट-ऑफ छापून भिंतीवर लावतो. मूल टाइप करतं, आम्ही मागे उभे राहतो, माऊसला हात लावत नाही. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी नऊ मुलं आली. शेवटच्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, आणि एक आजोबा नातीचा पासवर्ड वहीच्या पानावर लिहून, चार घड्या करून, कोपरीच्या आतल्या खिशात ठेवून घरी घेऊन गेले.